गाडी खडखडते केव्हा?

मराठीत आवाजांसाठी शब्दांची वानवा नाही. डबा खडखडतो, बिजागरी कुरकुरते, भांडे खणखणते, जाते घरघरते आणि दारावर टकटक होते. वस्तू न पाहताही काय वाजते आहे, याचा अंदाज ऐकणाऱ्याला येतो. मोटारीच्या बाबतीत मात्र एवढ्याने भागत नाही. खराब रस्त्यावर गाडीच्या पुढच्या बाजूने खडखड ऐकू येऊ लागली, की मालक गॅरेजमध्ये जाऊन सांगतो, "पुढून आवाज येतोय." मेकॅनिक एक चक्कर मारून येतो आणि पुष्कळदा म्हणतो, "शॉकॲब्सॉर्बर गेलेत." नवे शॉकॲब्सॉर्बर बसतात, बिल चुकते होते आणि घराजवळच्या खड्ड्यात पुन्हा तीच खडखड!

असे का होते? ‘आवाज कुठून येतो?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्याचे खात्रीचे उत्तर आपले कान देऊ शकत नाहीत. ‘आवाज केव्हा येतो?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र एकही पान्हा न उचलता मिळवता येते. आणि शाळेत शिकवले जाणारे भौतिकशास्त्र हाताशी असले, तर त्या उत्तरावरून दोषी भागापर्यंत पोचता येते. या लेखात आपण तेच करून पाहणार आहोत. यात प्रश्न केवळ पैशांचा नाही. पुढच्या चाकाजवळचे काही आवाज नुसते त्रासदायक असतात, तर काही आवाज चाक जागेवरून निखळण्याची पूर्वसूचना असतात. दोन्हींतला फरक ओळखता आला पाहिजे.

पुढच्या चाकामागे काय असते?

गाडीच्या पुढच्या चाकांना तीन कामे एकाच वेळी करायची असतात. रस्ता वरखाली झाला तरी चाकाने रस्ता सोडता कामा नये. चाकाला बसलेला धक्का आत बसलेल्या माणसांपर्यंत जसाच्या तसा पोचता कामा नये. आणि हे सगळे चालू असताना स्टिअरिंग फिरवले, की चाक वळले पाहिजे. ही कामे करणाऱ्या यंत्रणेला सस्पेन्शन म्हणतात.

जुन्या गाड्यांत यासाठी निरनिराळ्या रचना असत. अँबॅसडरमध्ये पुढच्या चाकांसाठी पीळ पडणारी पोलादी दांडी स्प्रिंगचे काम करी. प्रीमियर पद्मिनीत प्रत्येक चाकामागे एकावर एक असे दोन आर्म आणि गुंडाळीची स्प्रिंग असे. आज आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे जी रचना आढळते, ती अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याच्या नावाने ओळखली जाते. त्याने ती १९४० च्या दशकात विकसित केली. १९५० च्या सुमारास फोर्ड कंपनीने इंग्लंडमध्ये काढलेल्या कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांत ती वापरली गेली. भारतात १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मुळे ही रचना गावोगावच्या मेकॅनिकांच्या परिचयाची झाली.

तिचे मुख्य भाग असे. चाक ज्या मजबूत ओतीव तुकड्यावर फिरते, त्याला गॅरेजमध्ये ‘नकल’ म्हणतात. नकलच्या वरच्या बाजूला एक उभा खांब घट्ट बसवलेला असतो. हाच स्ट्रट. त्याच्या आत शॉकॲब्सॉर्बर आणि बाहेर गुंडाळीची स्प्रिंग असते. स्ट्रटचे वरचे टोक रबराच्या माउंटिंगमधून गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते आणि तेथेच एक बेअरिंग असते, म्हणून चाकाबरोबर स्ट्रटही वळू शकतो. नकलच्या खालच्या बाजूला लोअर आर्म असतो. त्याचे बाहेरचे टोक नकलला बॉल जॉइंटने, तर आतली टोके सांगाड्याला रबरी बुशांनी जोडलेली असतात. बॉल जॉइंट म्हणजे वाटीत बसवलेला पोलादी गोळा. आपल्या खांद्याच्या सांध्यासारखा तो सर्व दिशांनी वळतो. स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांडीच्या टोकालाही असाच एक छोटा सांधा असतो, तो टाय रॉड एंड.

आणखी एक भाग लक्षात ठेवू या. पुष्कळ गाड्यांत डाव्या आणि उजव्या चाकांना जोडणारी एक आडवी, वाकवलेली पोलादी दांडी असते. तिला स्टॅबिलायझर बार म्हणतात. तिची टोके छोट्या लिंक रॉडनी दोन्ही बाजूंच्या सस्पेन्शनला जोडलेली असतात. वळणावर गाडी एका अंगाला फार कलू नये, हे तिचे काम.

फट असली म्हणून आवाज होतो का?

वरच्या यादीतला प्रत्येक सांधा घट्ट असेल तोपर्यंत गाडी शांत असते. झिजेमुळे सांध्यात फट पडते. गॅरेजच्या भाषेत ‘प्ले’ येतो. पण फट असली म्हणजे आवाज होईलच असे नाही. हे समजून घ्यायला वर्गाचे दार पुरे आहे.

कडी लावलेले पण सैल बसलेले दार एका हाताने बाहेर ढकलून धरा. कडी कोयंड्याला एका बाजूने टेकून राहते आणि दार अजिबात वाजत नाही. आता दार आत ओढून धरा. एकदाच ‘खट्’ होते आणि पुन्हा शांतता. दार पटापट आतबाहेर हलवले मात्र, की खडखड सुरू होते. वारा दार वाजवतो तो असाच. म्हणजे आवाजासाठी दोन गोष्टी लागतात: सांध्यात फट आणि दिशा बदलणारे बल. बल एकाच दिशेने लागत असेल, तर फटीची एक बाजू मिटलेली राहते. बलाची दिशा उलटली, की सैल भाग फट ओलांडून पलीकडे जाऊन आदळतो. त्या आदळण्याचा आवाज आपण ऐकतो.

खडखडीच्या शोधाची किल्ली येथेच आहे. गाडीतल्या प्रत्येक सांध्यावरचे बल वेगवेगळ्या प्रसंगी उलटते. काही सांध्यांवरचे बल ब्रेक दाबल्यावर उलटते, काहींवरचे स्टिअरिंग फिरवल्यावर, तर काहींवरचे एकच चाक खड्ड्यात गेल्यावर. म्हणून आवाज कोणत्या प्रसंगी येतो हे नेमके कळले, तर कोणत्या सांध्यावरचे बल त्या वेळी उलटले याचा तर्क करता येतो.

कान का फसतात?

आवाजाची दिशा आपण मुख्यतः दोन कानांमुळे ओळखतो. उजवीकडचा आवाज उजव्या कानात किंचित आधी पोचतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर आहे. दोन कानांमधले अंतर २० सेंटिमीटर धरले, तर हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या सहा दशांशाइतका येतो. एवढ्या सूक्ष्म फरकावरून मेंदू दिशा ठरवतो, ही मोठीच करामत आहे.

पण बंद गाडीत ही करामत चालत नाही. पोलादातून ध्वनी सेकंदाला सुमारे ५००० मीटर वेगाने, म्हणजे हवेच्या जवळजवळ पंधरा पट वेगाने जातो. लोअर आर्मजवळ झालेला ठोका सांगाड्यातून क्षणार्धात सगळीकडे पसरतो. डॅशबोर्ड, दरवाजा, पायाखालचा पत्रा असे मोठे पृष्ठभाग थरथरू लागतात आणि हवेत आवाज सोडतात तो तेच. शिवाय काचांवरून आवाज परावर्तित होतो. परिणामी उजव्या बाजूची खडखड डावीकडून किंवा चक्क डॅशबोर्डमधून आल्यासारखी वाटते. तबल्याच्या आवाजाला खोलीतला एखादा पेला साथ देऊ लागतो, त्यातलाच हा प्रकार.

म्हणून कानांपेक्षा बोटांवर भिस्त ठेवणे बरे. गाडी उभी असताना एकाने ती बाजूने दाबून हलवायची आणि दुसऱ्याने संशयित सांध्यावर बोटांची टोके ठेवायची. आदळण्याचा ठोका मूळ जागी सर्वांत स्पष्ट लागतो. अनुभवी मेकॅनिक हे नकळत करतातच.

आधी सोपे संशयित

सस्पेन्शनला दोष देण्याआधी डिकी, दारांचे कप्पे आणि सीटखालची जागा रिकामी करावी. जॅक, पान्हे, स्टेपनी, बॅटरीची पट्टी, नंबर प्लेट यांची खडखड सस्पेन्शनच्या नावावर जमा झाल्याची उदाहरणे प्रत्येक गॅरेजमध्ये सापडतील. चाकांचे नट घट्ट आहेत ना, हेही येथेच पाहून घ्यावे. ते ढिले असणे धोक्याचे असते.

मग गाडी उभी ठेवून इंजिन चालू करावे. आवाज आला, तर तो सस्पेन्शनचा नाही हे उघड आहे, कारण चाके हललेलीच नाहीत. अशा वेळी सायलेन्सरच्या नळीवरचा उष्णतारोधक पत्रा किंवा इंजिनाचे माउंटिंग तपासावे.

आवाज अलीकडेच कोणत्या दुरुस्तीनंतर सुरू झाला का, हेही आठवून पाहावे. तसे असेल, तर त्या दुरुस्तीतला एखादा नट सैल राहिल्याची शक्यता सर्वांत आधी तपासावी.

‘केव्हा’चे चार प्रश्न

आता मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगाने आणि मागेपुढे वाहन नाही हे पाहून पुढील चार प्रश्नांची उत्तरे मिळवायची. एक जण गाडी चालवील आणि दुसरा वहीत नोंदी करील, हे उत्तम.

पहिला प्रश्न: ठोके चाकाच्या फेऱ्यांशी बांधलेले आहेत का? मारुती ८०० च्या छोट्या चाकाचा परीघ सुमारे १.६ मीटर होता. ताशी ९ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २.५ मीटर वेगाने असे चाक सेकंदाला साधारण दीड फेरी घेते, तर ताशी १८ किलोमीटरला तीन फेऱ्या. गुळगुळीत रस्त्यावरही ठोके पडत असतील आणि वेग दुप्पट केल्यावर तेही दुप्पट होत असतील, तर दोष फिरणाऱ्या भागात आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दिल्यावर ‘टक-टक-टक’ वाजत असेल, तर चाकाला शक्ती देणाऱ्या ॲक्सलच्या बाहेरच्या सांध्यावर संशय जातो. आवाज ठोक्यांऐवजी घरघरीसारखा सलग असेल, तर चाकाचे बेअरिंग. ठोके केवळ खड्ड्यांवर अवलंबून असतील, तर पुढच्या प्रश्नाकडे जावे.

दुसरा प्रश्न: दोन्ही चाके एकदम उचलली गेली तर, आणि एकेक उचलले गेले तर? एकाच गतिरोधकावरून आधी सरळ जावे, मग रस्ता मोकळा असल्यास तिरके, म्हणजे एका वेळी एकच चाक चढेल असे. दोन्ही चाके बरोबर उचलली गेली, तर स्टॅबिलायझर बार आपल्या बुशांत नुसता फिरतो. त्याला पीळ पडत नाही आणि लिंक रॉडवर फारसे बल येत नाही. एकच चाक उचलले गेले, की बारला पीळ पडतो आणि लिंक रॉड ओढली किंवा दाबली जाते. फुटक्या रस्त्यावर चाके आळीपाळीने वरखाली होत असल्याने हे बल पुन:पुन्हा उलटते. सरळ गेल्यावर शांतता आणि तिरके गेल्यावर खडखड, असे असेल तर लिंक रॉड किंवा बारचे बुश हे पहिले संशयित. दोन्ही वेळा सारखाच ‘धप्’ असा बोदा आवाज येत असेल, तर स्ट्रटचे वरचे माउंटिंग पाहावे.

तिसरा प्रश्न: ब्रेकने काय फरक पडतो? खडखड चालू असताना ब्रेक अगदी हलका दाबावा. आवाज थांबला, तर ब्रेक पॅड किंवा कॅलिपर सैल असण्याची शक्यता मोठी, कारण दाबामुळे पॅड डिस्कला चिकटले आणि त्यांची फट मिटली. याउलट ब्रेक दाबताना एकदा आणि मग मागे गाडी घेताना एकदा, असा एकेकच जाड ‘ठक्’ येत असेल, तर लोअर आर्मचे बुश तपासावेत. पुढे जाताना ब्रेक दाबला, की रस्ता चाकाला मागे ढकलतो. मागे जाताना तेच बल उलट दिशेने लागते. फाटलेला बुश असेल, तर चाक प्रत्येक वेळी थोडे सरकते. बाजूला सुरक्षित अंतरावर उभ्या असलेल्या माणसाला ते कमानीत पुढेमागे सरकताना दिसूही शकते.

चौथा प्रश्न: स्टिअरिंगने काय फरक पडतो? गाडी उभी ठेवून स्टिअरिंग थोडेसे डावीकडे, थोडेसे उजवीकडे असे हलवावे. दिशा बदलताना दर वेळी ‘खुट्’ होत असेल, तर टाय रॉड एंड, रॅक किंवा स्टिअरिंगच्या दांडीचा सांधा. स्टिअरिंग पूर्ण फिरवताना मध्येच ‘टंग्’ असा स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज येत असेल, तर स्ट्रटवरचे बेअरिंग अडकले आहे. स्प्रिंग चाकाबरोबर सहज न फिरता पिळली जाते आणि मग एकदम सुटते.

खडखडीऐवजी कोरडी कुरकुर येत असेल, तर ती बहुधा रबराची असते. उष्णता, तेल आणि हवेतला ओझोन यांमुळे रबर कडक होते आणि त्याला भेगा पडतात. पाण्याचा फवारा मारून पाहावा. कुरकुर काही वेळ थांबली, तर कोणत्या बुशावर पाणी मारल्यावर ती थांबली, हे नोंदवावे.

शॉकॲब्सॉर्बरवरचा आळ

आता मूळ आरोपीकडे वळू. शॉकॲब्सॉर्बर हे नाव थोडे फसवे आहे. धक्का सोसते ती स्प्रिंग. दाबली गेलेली स्प्रिंग परत उसळते आणि झोके घेत राहते. ते झोके थांबवणे हे शॉकॲब्सॉर्बरचे काम. त्याच्या नळीतले तेल दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून रेटले जाते आणि झोक्यांच्या ऊर्जेची उष्णता होते. त्याचा विरोध हालचालीच्या वेगाबरोबर वाढतो.

गाडीत दोन तऱ्हांची आंदोलने होतात. स्प्रिंगांवर बसलेला जड सांगाडा सेकंदाला सुमारे एक ते दीड वेळा झोके घेतो. टायर आणि स्प्रिंग यांच्यामध्ये सापडलेले हलके चाक मात्र सेकंदाला दहा ते पंधरा वेळा थरथरू शकते. कोणते आंदोलन जागे होईल, हे रस्त्यावर आणि वेगावर ठरते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ताशी २५ किलोमीटर वेगासाठी ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असा गोलाकार गतिरोधक सांगितला होता. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ७ मीटर. या वेगाने चाक तो अर्ध्या सेकंदात ओलांडते. एवढ्या वेळात सांगाडा सावकाश वर जाऊन खाली येतो. पण गल्लीत हौसेने घातलेला ३५ सेंटिमीटर रुंदीचा उंचवटा तेच चाक त्याच वेगाने सेकंदाच्या विसाव्या भागात ओलांडते. हा वेळ चाकाच्या थरथरीशी जुळणारा आहे. म्हणून रुंद गतिरोधकावर गाडी डुलते आणि अरुंद उंचवट्यावर ती दणकते.

याच हिशेबाने, रस्त्यावर दर एक मीटरला एक अशा लाटा असतील आणि गाडी ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने जात असेल, तर चाकाला सेकंदाला दहा धक्के बसतात. शॉकॲब्सॉर्बर निकामी असेल, तर अनुनादामुळे चाक रस्त्यावर अक्षरशः नाचू लागते. वेग कमी केला किंवा वाढवला, की नाच ओसरतो. ठरावीक रस्त्यावर ठरावीक वेगालाच होणारी धडधड ही शॉकॲब्सॉर्बरविरुद्धची खरी साक्ष. नळीवरून ओघळणारे तेल, खड्ड्यानंतर गाडीचे दोनतीनदा डुलणे आणि भरलेल्या गाडीचे खाली ‘धाडकन’ आदळणे, याही त्याच्याविरुद्धच्या साक्षी.

गाडीचा कोपरा हाताने दाबून सोडण्याची चाचणी सर्वांना ठाऊक आहे. पण हाताने आपण कोपरा अर्ध्या सेकंदात पाच सेंटिमीटर हलवतो, म्हणजे सेकंदाला दहा सेंटिमीटर वेगाने. वर सांगितलेला अरुंद उंचवटा पाच सेंटिमीटर उंच असला, तर चाकाला त्याच्या माथ्यावर सेकंदाच्या चाळिसाव्या भागात चढावे लागते. हा वेग सुमारे वीस पट झाला. हाताच्या चाचणीत अगदीच मेलेला शॉकॲब्सॉर्बर पकडला जातो, अर्धवट झिजलेला सुटतो.

चाक उचलून पाहताना

रस्त्यावरच्या चाचण्यांनी संशयित एकदोनांवर आले, की खात्री करण्यासाठी चाक उचलावे लागते. गाडी सपाट जमिनीवर, गियरमध्ये, हँडब्रेक ओढून आणि मागच्या चाकांना उटी लावून उभी करावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, एका क्षणासाठीही, शिरू नये. सांगाड्याखाली भक्कम स्टँड लावल्याशिवाय पुढचे काहीही करू नये. विद्यार्थ्यांना हे दाखवायचे असेल, तर ते गॅरेजमध्ये आणि मेकॅनिकच्या हातूनच.

चाक म्हणजे घड्याळाची तबकडी समजा. बारा आणि सहा या जागी हात धरून चाक हलवल्यावर ढिलेपणा जाणवला, तर तो बॉल जॉइंटचा असेल किंवा बेअरिंगचा. कोणाचा, हे कसे ठरवायचे? दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगायचे. ब्रेकमुळे चाक आणि नकल एकमेकांना जखडले जातात आणि मधल्या बेअरिंगची फट झाकली जाते. ढिलेपणा नाहीसा झाला, तर दोष बेअरिंगचा. तसाच राहिला, तर दोष नकलच्या पलीकडे, म्हणजे बहुधा बॉल जॉइंटमध्ये. तीन आणि नऊ या जागी हलवल्यावरच ढिलेपणा जाणवत असेल, तर टाय रॉड एंड किंवा रॅक.

येथेही दाराचा धडा उपयोगी पडतो. स्प्रिंग लोअर आर्मवर टेकलेली असते अशा जुन्या रचनेत गाडी सांगाड्याखाली उचलली, तर स्प्रिंगचा जोर बॉल जॉइंट दाबून धरतो आणि झिजलेला सांधाही घट्ट वाटतो. तेथे जॅक आर्मखाली लावून तो जोर काढावा लागतो. मॅकफर्सन रचनेत स्प्रिंगचा भार स्ट्रटमधून थेट नकलवर येतो. म्हणून चाक लोंबकळत ठेवून, आर्म आणि नकल यांच्यामध्ये टॉमी घालून फट तपासता येते.

बॉल जॉइंटबद्दल हयगय करू नये. तो पूर्ण झिजून निखळला, तर चाकाचा खालचा आधार सुटतो, चाक तिरके होऊन कमानीत अडकते आणि गाडी ताब्यात राहत नाही. लिंक रॉडची खडखड आठवडाभर सहन करता येईल. ढिला बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड असलेली गाडी दुरुस्तीशिवाय रस्त्यावर आणू नये. कधीकधी झिजलेल्या सांध्यात ग्रीस भरून आवाज दाबला जातो. काही दिवस शांतता मिळते, पण फट तेवढीच राहते. आवाज बंद होणे आणि दोष दूर होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एका वेळी एकच बदल

समजा, आपला संशय लिंक रॉडवर आहे. तो कसा पक्का करायचा? मेकॅनिककडून दोन्ही बाजूंच्या लिंक रॉड सोडवून घ्यायच्या आणि बार कशाला घासत नाही हे पाहून, मोकळ्या जागेत अगदी कमी वेगाने चक्कर मारायची. बार नसताना गाडी वळणावर जास्त कलते, याचे भान ठेवायचे. खडखड थांबली, तर संशय खरा. थांबली नाही, तर लिंक रॉड निर्दोष, आणि नव्या लिंक रॉडचे पैसे वाचले. दोन्ही निकाल उपयोगी पडतात, हे चांगल्या चाचणीचे लक्षण.

याउलट शॉकॲब्सॉर्बर, माउंटिंग, लिंक रॉड आणि बुश असे सगळे एकदम बदलले आणि आवाज थांबला, तर गाडी दुरुस्त झाली, पण दोष काय होता ते कळले नाही. पुढच्या वेळी पुन्हा सगळेच बदलावे लागणार. शॉकॲब्सॉर्बर डावे-उजवे जोडीने बदलणे योग्य असते, कारण दोन्ही बाजूंचा विरोध सारखा हवा. मात्र ‘बदलतोच आहोत तर हेही’ ही पद्धत निदानाची नव्हे. नवे बुश बसवल्यावर त्यांचे नट चाकांवर गाडीचा भार असतानाच शेवटचे आवळावेत, हीही गोष्ट गॅरेजमध्ये आवर्जून सांगावी. चाक लोंबकळत असताना ते आवळले, तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

वर्गात काय करता येईल?

एका स्प्रिंगला एवढे वजन टांगा, की ती २० सेंटिमीटर ताणली जाईल. मग वजन किंचित ओढून सोडा आणि दहा झोक्यांना लागणारा वेळ मोजा. तो सुमारे ९ सेकंद येईल. पडताळा घेणे सोपे आहे: मीटरमधला ताण भागिले गुरुत्वत्वरण (९.८) यांचे वर्गमूळ काढून त्याला ६.२८ ने गुणले, की एका झोक्याचा काळ सेकंदांत मिळतो. ताण ५ सेंटिमीटर असेल, तर दहा झोके साडेचार सेकंदांत होतील. वजन किती ते सूत्रात कोठेच नाही, याकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधा. मग वजन पाण्याच्या बादलीत बुडवून झोके किती लवकर विरतात ते पाहा. शॉकॲब्सॉर्बरचे तत्त्व हेच.

दुसरा प्रयोग निदानाचा. खडखडणारे एखादे बाक, टेबल किंवा खिडकी निवडा. दुरुस्त करण्यापूर्वी प्रत्येक गटाने वहीत तीन गोष्टी लिहायच्या: आवाज केव्हा येतो, कोणता सांधा दोषी वाटतो, आणि त्या सांध्यात कागदाची घडी घातल्यावर काय व्हायला हवे. मग घडी घालून पाहायचे. अंदाज चुकला तरी वही खोडायची नाही. चुकलेल्या अंदाजाने एक संशयित यादीतून कमी केलेला असतो.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांत इंजिनाचा आवाज नसतो, त्यामुळे सस्पेन्शनची पूर्वी झाकली जाणारी खडखड त्यांत अधिक स्पष्ट ऐकू येते. ती तपासण्याची रीत मात्र वर सांगितली तीच. गॅरेजमध्ये गेल्यावर "पुढून आवाज येतोय" एवढेच न म्हणता, "सरळ गतिरोधकावर येत नाही, डावे चाक एकटे खड्ड्यात गेले की येतो, ब्रेकने फरक पडत नाही," असे सांगता आले, तर मेकॅनिकचे निम्मे काम आपण केलेले असेल. आणि चांगला मेकॅनिक अशा गिऱ्हाइकावर खूशच असतो.